मोठ्याचं घरी कसं करता? (सोलापूरकरांनी आधी बोला)

कुमठानाका
इथल्या पाकृ (पाककृती) विभागात शोधून दमलो. बोकडाच्या मटणाचे धागे पोत्यानं आहेत. सावजी आहे, सुकं आहे, खिमा आहे, अळणी आधी प्यायचं की जेवताना यावरून दोन पानं भांडणही आहे. मोठ्याच्या, म्हणजे म्हशी-रेड्याच्या मटणावर एक धागा नाही. म्हणजे सोलापुरात कुणी करतच नाही का? मग आमच्या मागच्या गल्लीत रविवारी सकाळी लोक काळ्या पिशव्या घेऊन उभे असतात ते काय शेपू घ्यायला?

आमच्या घरी आठवड्याला एकदा होतंच. बोकडाचं परवडत नाही हे एक कारण, आवडतं हे दुसरं. बायकोची रविवारी ड्युटी असते, त्यामुळं करणारा मीच. प्रश्न तीन.

दुकानात उभं राहून नेमकं काय मागायचं? 'अर्धा किलो द्या' म्हटलं की तो हाताला येईल ते तोडतो. दुसरं, मऊ कसं करता? सात-आठ शिट्ट्या झाल्या तरी एक तुकडा दाताशी कुस्ती खेळतो आणि त्याच्या शेजारचा पार विरघळलेला. तिसरा प्रश्न मसाल्याचा. बोकडाला घालतो तोच घालतो, पण चव भलतीकडंच जाते.

गप्पा चालतील, पण मापं द्या. 'अंदाजानं' लिहिणाऱ्याला जेवायला बोलावणार नाही.

हुतात्माबाग
खुर्ची टाकून बसलो. येऊ द्या.

बेगमपेठवाली
शेवटी कुणीतरी काढला धागा. सलाम भाई.

आमच्याकडं मोठ्याचं म्हटलं की पहिलं नाव दालचा. लग्न असो, उरूस असो, दालचा आणि खाना. खाना म्हणजे साधा मोकळा भात, खडा मसाला घातलेला. घरच्या पाच-सहा माणसांचं माप सांगते.

हाडासकट अर्धा किलो गोश्त, त्यात एक तरी नळी पाहिजेच. पाव किलो हरभऱ्याची डाळ, दोन तास भिजवलेली. काहीजण निम्मी तूर घालतात, त्यानं घट्टपणा चांगला येतो. दुधी अर्धा किलो, मोठ्या फोडी. लहान केल्या तर गायब होतात. तीन कांदे उभे चिरून लाल करायचे, त्यातले थोडे वरून टाकायला बाजूला ठेवायचे. आलं-लसूण दोन चमचे, हळद, तिखट, धन्याची पूड, थोडा गरम मसाला. आधी गोश्त एकटं शिजवायचं. डाळ वेगळी शिजवायची आणि अर्धवटच घोटायची, काही दाणे दिसले पाहिजेत. मग दोन्ही एकत्र, दुधी टाकायचा, आणि दुधी शिजल्यावरच चिंचेचा कोळ. लिंबाएवढी चिंच बास. कोळ आधी घातला तर डाळ शिजायचं नाव घेत नाही. शेवटी जिरं, लाल मिरची, कढीपत्त्याचा बघार.

आणि भाई, शिट्ट्यांची घाई करू नका. अम्मी म्हणायची, जल्दी का काम शैतान का.

जुनापेठकर
या धाग्याची खरंच गरज होती का? आपल्या राज्यात बंदी आहे ना? उघडउघड पाकृ काय देताय?

कोर्टकचेरी
जुनापेठकर, बंदी कशावर आहे ते एकदा नीट बघा. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यानं गाईच्या कत्तलीला बंदी होती. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर मार्च २०१५ मध्ये त्यातली दुरुस्ती लागू झाली आणि बैल, वळूही बंदीत आले. म्हशी-रेडे त्या बंदीत नाहीत, त्यांच्या कत्तलीला रीतसर दाखला लागतो. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यात कायदेशीर झालेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. इथं दुकानात उघड मिळतं ते म्हशीचं, रेड्याचं. परवाना असलेल्या दुकानातनंच घ्या. एवढं सांगून मी पळतो, मला दालचा वाचून भूक लागलीय.

जुनापेठकर
कायद्याचं कळलं. मनाला पटत नाही ते नाहीच पटत. असो.

संपादक
ज्यांना विषय नको त्यांनी धागा उघडू नये. ज्यांना हवा त्यांनी दुसऱ्याला डिवचू नये. दोन्हीकडचे मिळून पाच प्रतिसाद उडवले आहेत. पाकृ चालू द्या.

लष्करचाबंटी
उडवलेल्यात माझा एक होता का बे? त्यात नुसती कोथिंबीर होती.

विडीघरकुल
कुमठानाका, मसाल्याचं तुमचं दुखणं मला कळलं. बोकडाला चरबी असते, मसाला त्या चरबीत फुलतो. म्हशीचं मटण कोरडं. तुम्ही मसाला नुसत्या रश्श्यात सोडला तर तो कच्चा लागणार. खाटकाकडं चरबीचा लिंबाएवढा तुकडा मागून घ्या, तो देतो, पैसेबी लावत नाही बऱ्याचदा. तो तुकडा आधी पातेल्यात वितळवायचा, त्यात कांदा, मग काळं तिखट. तेल निम्मं लागतं.

आमच्या आजीची रीत सांगते. आजी विड्या वळायची, आजोबा जुन्या मिलमध्ये. आजी सकाळच्या भोंग्याला चुलीवर पातेलं चढवायची. मटण, हळद, मीठ, ठेचलेला लसूण आणि बुडेल एवढं पाणी, एवढंच. वर झाकण म्हणून ताट, ताटात पाणी. ताटातलं पाणी गरम झालं की तेच आत ओतायचं आणि ताटात परत गार भरायचं. मग सूप मांडीवर घेऊन विड्यांना बसायची. चुलीत एकच लाकूड, ते पण मागं ओढलेलं. हजारातल्या निम्म्या विड्या झाल्या की उठून एकदा ढवळायची. पानांची कातरण जमली की ती चुलीत. हजार विड्या पुऱ्या व्हायच्या आत मटण बोटानं तुटायचं. मसाला त्यानंतर, दुसऱ्या पातेल्यात, वर सांगितला तसा.

वाटण: सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी जाळावर काळी करून, एक कांदा तसाच भाजून, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट. काळं तिखट अर्ध्या किलोला तीन चमचे. आमच्या काळ्या तिखटात धने, तीळ, खोबरं, दगडफूल, लवंग, मिरे, तमालपत्र सगळं आलेलंच असतं, वरून गरम मसाला घालायची गरजच नाही. कुमठानाका, तुम्ही दोन्ही घालत असणार. म्हणून चव भलतीकडं जाते.

कुमठानाका
दोन्ही घालतो. तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेलाय काय?

विडीघरकुल
सगळ्या बाप्यांचं स्वयंपाकघर सारखंच असतं.

लष्करचाबंटी
शेंगदाण्याचं कूट आलं म्हणजे पाकृ अस्सल सोलापूरची. आमच्याकडं चहात तेवढं घालत नाहीत.

हांबुर्गचा_सोलापुरी
नमस्कार मंडळी. इथं येऊन बरीच वर्षं झाली, सुपारी सुटली, काळं तिखट सुटलं नाही. आई दर उन्हाळ्यात डबा भरून पाठवते.

इथं मिळतं ते गाईगोऱ्ह्यांचं, म्हशीचं शोधावं लागतं. फरक डोळ्यांना दिसतो. म्हशीचं मांस गडद लाल आणि चरबी पांढरीशुभ्र, गाईच्या चरबीला पिवळट झाक. इथल्या मटणात चरबी जास्त, म्हणून कमी मसाल्यात भागतं.

मागायचं काय यावर माझं मत: पायाचं, गुडघ्याखालचं. इथं त्याला 'बाइनशाइबं' म्हणतात, हाडासकट आडवी चकती, मधोमध नळीतला गर. सुपासाठी घेतात लोक, स्वस्त असतं. मी काळं तिखट, कांदा, टोमॅटो घालून जाड बुडाच्या भांड्यात झाकण लावून ओव्हनमध्ये १५० अंशावर तीन तास ठेवतो. तोपर्यंत फोनवर मंगळवेढ्याच्या मामाशी गप्पा. बाहेर काढलं की चमच्यानं हाड सुटतं. भाकरी मात्र जमत नाही, इथल्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणाच नसतो.

बेगमपेठवाली
पीठ जुनं असणार. उकळत्या पाण्यात मळून बघा. आणि मामाला म्हणावं मालदांडी ज्वारीचं ताजं दळून पाठवा, डब्यात तिखटासोबत.

लष्करचाबंटी
ओव्हन? आमच्या ओव्हनमध्ये वह्या आणि गॅसचं पुस्तक ठेवलंय. तीन तास चालवला तर महावितरणचा माणूस घरी जेवायला येईल.

रसायनवाली
शाळेत शिकवते, त्यामुळं सवयीनं फळा पुढं घेते, माफ करा.

शिट्टी हे माप नाही. कुणाची शिट्टी अर्ध्या मिनिटाला होते, कुणाची चार मिनिटांनी. आच, पाणी, रबर, सगळ्यावर ती अवलंबून. मिनिटं मोजा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि घड्याळ लावायचं.

आता मऊ का होत नाही ते. मांसात दोन गोष्टी असतात, धागे आणि त्या धाग्यांना बांधून ठेवणारा पांढरा पडदा, चिवट भाग. त्यातलं मुख्य प्रथिन कोलॅजन. तापवलं की आधी धागे आकसतात, पाणी सोडतात आणि मांस कडक होतं. कोलॅजनचं जिलेटिन व्हायला त्याहून जास्त उष्णता आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. म्हणून अर्ध्यात झाकण उघडून 'अजून कडकच आहे' म्हणणारे सगळ्यात वाईट क्षणी उघडतात. कुकरच्या आत साधारण १२० अंशांपर्यंत तापमान जातं, पातेल्यात शंभरच्या आसपासच थांबतं, एवढाच कुकरचा फायदा. जनावर जितकं वयस्क आणि जितकं राबलेलं तितकं त्याचं कोलॅजन हट्टी. आपल्याकडं दुकानात येणारी म्हैस बहुतेक दूध आटलेली असते, ती कोवळी कुठनं असणार?

कुमठानाका, तुमचा एक तुकडा कडक आणि एक विरघळलेला याचं कारण मला वाटतं कुकर नाहीच. तुम्हाला खाटीक वेगवेगळ्या जागचे तुकडे एकत्र देतोय. पाठीचा तुकडा आणि पायाचा तुकडा एकाच वेळी कधीच शिजणार नाहीत. एकाच जागचं मागा.

हुतात्माबाग
मॅडम, परीक्षेत हा प्रश्न आला असता तर आम्हीपण पास झालो असतो.

पूर्वभागातला
आमच्या पद्मशाली (तेलुगू विणकर) घरात मोठ्याचं होत नाही, पण धागा वाचून राहवेना म्हणून लिहिलालो. आम्ही बोकडाचं अंबाडीत करतो, आमच्यात तिला गोंगुरा म्हणतात. अंबाडी वेगळी तेलात परतायची, पार लगदा होईस्तोवर, आणि मटण शिजल्यावर शेवटी मिसळायची. आंबटपणाला हिरवी मिरची भरपूर. तुमच्या मोठ्याला हे चालंल का कुणी करून सांगा की.

विडीघरकुल
चालतं काय, पळतं. आमच्या शेजारच्या काकू तेलुगूच होत्या. त्यांची अंबाडी आणि आमचं मटण, तारेच्या जाळीवरनं वाट्यांची देवाणघेवाण. त्या मटण खायच्या नाहीत, नुसता रस्सा सोडलेली अंबाडी आमच्याकडनं परत न्यायच्या. 'रश्श्यात काय असतंय' म्हणायच्या.

लष्करचाबंटी
रश्श्यात काय असतंय! हे वाक्य आमच्या दारावर लिहून ठेवतो.

वसईची_माय
आमचं गाव लांब, पण पाकृला सीमा नाही. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती. आमचा बाटली मसाला उन्हाळ्यात कांडून बियरच्या गडद बाटल्यांत दाबून भरतात. त्याच मसाल्यात मोठ्याचं करायचं, बटाटे घालून, सोबत फुगिया, म्हणजे तळलेले फुगीर पाव. सणाला जीभ असते. मीठ, लिंबू लावून काही दिवस मुरवायची, मग सावकाश उकडायची, वरची जाड साल गरम असतानाच सोलायची. गार झाली की निघत नाही, नखं तुटतात. मग पातळ काप. मुलांना काय आहे ते आधी सांगायचं नाही.

सीनाकाठ
मोहोळकडचा आहे. चान्यांचं कुणीच बोललं नाही अजून.

चैत्र-वैशाखात, ऊन कडक असताना मटणाच्या हातभर लांब, बोटाएवढ्या पट्ट्या कापायच्या. मीठ-हळद चोळायची आणि दोरीवर टाकायच्या. वळचणीला नाही, उघड्यावर, वारं लागलं पाहिजे. खाली आम्हा पोरांना काठी देऊन बसवायचे, कावळे आणि कुत्र्यांसाठी. तीन-चार दिवसांत काठीसारख्या वाजायला लागतात. गाडग्यात भरून ठेवल्या की पावसाळा निघतो. खायची वेळ आली की निखाऱ्यावर भाजायच्या, जरा काळ्या होऊ द्यायच्या, वरवंट्यानं ठेचायच्या, कच्चा कांदा, तिखट, मीठ, तेलाची धार. नाहीतर पाण्यात भिजवून तुरीच्या डाळीत. भाजताना धूर जो सुटतो तो गल्लीला कळतोच. आमची गल्ली गावाबाहेर होती, तेव्हा कळून कळून कुणाला कळणार.

हांबुर्गचा_सोलापुरी
वा! म्हणजे आपलं घरचं जर्कीच की, इथलं वाळवलेलं मांस. इथं छोट्या पाकिटाला काय पैसे घेतात! सीनाकाठ, तुम्ही हे बनवून विकायला हवं, लोक तुटून पडतील.

सीनाकाठ
हांबुर्गचे, राग मानू नका, पण इतकं सोपं नाही ते. माझ्या आईसमोर चान्यांचं नाव काढलं तर ती उठून आत जाते. तिच्या लहानपणी ते दुकानातनं आणलेलं नसायचं. गावात जनावर मेलं की ओढून न्यायचं काम आमच्याच लोकांचं, आणि त्याचंच मांस वाटून वाळवायचं, कारण दुसरं काही मिळायची खात्री नव्हती. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं निक्षून सांगितलं होतं. आमच्या गावापर्यंत ते पोचायला आणि पाळायला बराच काळ गेला. आजोबांनी सोडलं, वडिलांनी पगार सुरू झाल्यावर शहरातल्या दुकानातनं विकत आणलं, आणि आणताना पिशवी लपवली नाही. वर कुमठानाकांनी काळ्या पिशव्यांचं लिहिलंय. आमच्या वडिलांची पिशवी पांढरी असायची, मुद्दाम.

मला चान्या आवडतात. मी उन्हाळ्यात गच्चीवर करतो, दुकानातल्या ताज्या मटणाच्या. आई त्या दिवशी गच्चीवर येत नाही. दोन्ही खरं आहे.

रसायनवाली
सीनाकाठ, लिहिलंत ते बरं केलंत.

जुनापेठकर
मी वर विरोध केला होता, अजूनही खाणार नाही. पण हा प्रतिसाद वाचला. हे गाडग्याचं, दोरीचं आमच्याच गावात होत असणार आणि मला माहीत नव्हतं.

विडीघरकुल
माहीत कसं असणार. गल्ली गावाबाहेर होती ना.

सातरस्ता_भाडेकरू
विषय जरा हलका करतो. भाड्यानं राहतो, घरमालक पक्के शाकाहारी, राहायला आलो तेव्हा 'अंडं पण नको' म्हणाले. कुकर लावला की वास जिन्यातनं वर जातो. काही उपाय?

लष्करचाबंटी
त्याच वेळी घरमालकांच्या दाराशी सुक्या बोंबलाची भाजी कर. मोठ्याचा वास कुणाला येणारच नाही.

बेगमपेठवाली
उपाय एकच, घर बदला. कुमठा नाक्याकडं बघा, विचारत नाहीत. बाकी उदबत्त्या, कापूर वगैरे करून वास दुप्पट होतो. लवंग-दालचिनी उकळायला ठेवली तर बिर्याणीच शिजतेय असं वाटतं, तो आणखी मोठा गुन्हा.

कोर्टकचेरी
सातरस्ता, भाडेकरारात खाण्याचं काही लिहिलंय का ते आधी बघा. आणि घरमालकाशी भांडण काढण्याआधी अनामत परत मिळवा. हा सल्ला फुकट आहे.

पपईभक्त
कच्ची पपई कुणीच कशी नाही सांगितली? सालासकट वाटायची, अर्ध्या किलोला एक मोठा चमचा, तासभर लावून ठेवा. मटण लोणी.

रसायनवाली
लोणी नाही, पीठ. पपईतलं पपेन वरवर काम करतं. ते पन्नास ते सत्तर अंशांत जोरात असतं आणि उकळी आली की निकामी होतं. म्हणजे बाहेरचा थर चिखल, आत तसंच. शीक कबाबाला, खिम्याला घाला, तिथं उपयोग आहे. रश्श्याच्या मोठ्या तुकड्यांना वेळच द्या.

पपईभक्त
आमच्याकडं तीन पिढ्या पपईच घालतात.

रसायनवाली
तीन पिढ्यांनी नंतर किती वेळ शिजवलं ते पण सांगा.

पपईभक्त
... दीड तास.

हुतात्माबाग
मॅडमनी पपई सोलली.

विजापूरवेस
कलबुर्गीला पाहुणे आहेत, तिकडच्या तहारीबद्दल सांगितल्याशिवाय जात नाही. सकाळी नाष्ट्याला मिळते, गरमागरम. भात आणि गोश्त एकाच देगेत, हळदीचा पिवळा रंग, बिर्याणीसारखे थर नाहीत. घरी करायची तर आधी गोश्त मऊ शिजवून घ्यायचं, त्याचाच रस मोजून तांदळाला वापरायचा. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या रस. वरून पाणी घातलं की चव गेली. आलं-लसूण, हिरवी मिरची, दही, पुदिना. लाल तिखट नाही. सोबत खट्टा, म्हणजे चिंच-कांद्याचं पातळ पाणी. इतकंच.

रमजानात आमच्या भागात या, मग निहारीचं बोलू. तो वेगळा धागा होईल.

पूर्वभागातला
तहारीत दही आणि सोबत चिंच. पोट बरं असतं का तिकडच्या लोकांचं?

विजापूरवेस
सकाळी सातला खाऊन दुपारी चारपर्यंत भूक लागत नाही. असं पोट असतं.

कुमठानाका
मंडळी, मधे पाणी आलं नव्हतं, त्यामुळं धाग्यावर नव्हतो. चार दिवसाआड उजनीचं पाणी, त्यात मटण धुवायचं की कपडे हा घरगुती वाद. आज करून मग लिहितोय.

खाटकाला म्हटलं, सगळं पायाचं दे, गुडघ्याखालचं, एकाच पायाचं. तो माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, 'आज पाहुणे नाहीत वाटतं, नाहीतर सगळे बिनहाडाचे गोल तुकडे मागतात.' म्हणजे पायाचं मटण लोक नको म्हणतात, त्याला हाड दिसतं. मला भाव कमी लावला. चरबीचा तुकडा फुकट.

अर्धा किलो पायाचं, नळीसकट, मोठे तुकडे. हळद, मीठ, लसूण, बुडून वर बोटभर पाणी. कुकर, पहिली शिट्टी, मग बारीक आचेवर घड्याळ लावून चाळीस मिनिटं. वाफ आपोआप जाऊ दिली. सगळे तुकडे सारखे, बोटानं तुटणारे, आणि तो पांढरा चिवट भाग होता तिथं मऊ चिकट झालेलं, तेच सगळ्यात चांगलं लागलं. रश्श्याला नुसत्या हाडानंच घट्टपणा आला. मग चरबी वितळवून कांदा, विडीघरकुल यांचं वाटण, काळं तिखट तीन चमचे, गरम मसाला शून्य.

बायको ड्युटीवरनं आली, दोन घास खाल्ले आणि विचारलं, आईनं डबा पाठवला का.

विडीघरकुल
हे झालं प्रशस्तिपत्रक. रस्सा उरला असेल तर उद्या सकाळी कडक भाकरी चुरून त्यात टाका आणि झाकून ठेवा. दहा मिनिटं. मग खा.

कुमठानाका
उरला असता तर.

सीनाकाठ
चाळीस मिनिटं रेड्याला पुरतील का? इकडं जून असतात.

रसायनवाली
पुरतीलच असं नाही. उघडून बघा, न शिजलं तर पंधरा मिनिटांनी वाढवा. पाणी पुरेसं आहे ना ते मात्र दर वेळी बघा, बुडाला लागलं तर काळं तिखट आणि जळकं यातला फरक कुणालाच कळत नाही.

वसईची_माय
गुडघ्याखालचं घेताच आहात तर पायाही आणा, खुराकडचा भाग. सूप करा. सर्दीत बरं वाटतं.

सातरस्ता_भाडेकरू
पाया जाळायचा कसा? आमच्याकडं एक शेगडी आणि वर घरमालक.

बेगमपेठवाली
जाळून, खरवडून, तुकडे करून मिळतो दुकानातच. फक्त शुक्रवारी सांगून ठेवा. रविवारी दहाला गेलात तर नुसते खूर उरलेले असतात.

लष्करचाबंटी
खुरांचं काय करायचं बे? पाकृ आहे का?